अर्धं ऐकू आलेलं गाव

दिवाळीला चार दिवस उरले असताना पंचफुलाबाईच्या टीव्हीवर मुंग्या आल्या.

सात वाजत आले होते. तिनं भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या, पदराला हात पुसले आणि टीव्हीचं बटण दाबलं. रोजची बातम्या सांगणारी बाई दिसेना. नुसती खरखर, आणि पडदाभर काळ्या-पांढऱ्या मुंग्या. ती अंगणात गेली. टिनांच्या छपराच्या कडेला उभ्या बांबूला अँटेना बांधलेला होता. तो बांबू तिनं आधी कारंजाच्या दिशेनं फिरवला, मग वाशिमच्या दिशेनं, आणि आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "भाऊ, आलं का हो काही?"

"हो हो," आतून आवाज आला.

ती घाईनं आत आली. काही आलं नव्हतं. खरं तर विचारण्यात अर्थच नव्हता. त्या माणसाला जगातलं काहीही विचारलं तरी तो 'हो हो'च म्हणायचा.

तो तिच्या घरी आला त्याला तेव्हा दोन महिने होत आले होते. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पंचफुलाबाई निंदणाला जात असताना धनजच्या फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्यात, एक म्हातारा बसलेला तिनं पाहिला. संध्याकाळी परतली तरी तो तिथंच. पांढरा सदरा, धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी.

"कुठं जाचं हाय बावाजी?"

"हो हो."

"गाव कोन्तं तुमचं?"

"हो हो."

त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. त्याची नजर तिच्या पाण्याच्या बाटलीवर होती. तिनं बाटली दिली. त्यानं ती डाव्या हातानं धरून शेवटपर्यंत रिकामी केली आणि ती चालू लागली तसा तिच्या मागं चालू लागला.

पंचफुलाबाई एकटी राहायची. नवरा भिवाजी रस्त्याच्या गँगवर होता, तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रत्नमाला अकोल्याला दिलेली. परका माणूस घरात कसा ठेवायचा म्हणून पहिले आठ दिवस तिनं त्याची झोपायची सोय विहाराच्या बाजूच्या खोलीत केली आणि जेवण तिकडं नेऊन दिलं. पण सकाळ झाली की तो तिच्या अंगणात येऊन बसलेला असायचा. मग तिनं घरापुढच्या छपरीतच बाज टाकून दिली आणि त्याला भाऊ म्हणू लागली. लोक चार दिवस बोलले. ती त्याचं तोंड पुसते, सदऱ्याची बटणं लावून देते, हे लोकांनी पाहिलं आणि मग बोलायचे थांबले. त्याच्या गळ्यातली माळ पाहून तिनं घरात अंडं-मासळी करणं बंद केलं होतं.

दीर लागणाऱ्याचा मुलगा धम्मपाल ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायचा. दुसऱ्याच दिवशी त्यानं दोघांना पोलीस ठाण्यात नेलं होतं. तिथं फोटो काढला, कागद लिहिला. या वर्णनाचा माणूस आपल्याकडं कोणी हरवल्याची नोंद नाही, म्हणाले. पत्ता लागेपर्यंत अमरावतीच्या आश्रमात पाठवू, असंही म्हणाले. म्हाताऱ्यानं पंचफुलाबाईच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "याच्या घरचे टीव्हीवर देतीनच. मी रोज पायतो."

धम्मपाल बाहेर आल्यावर हसला. "काकू, टीव्हीवर कोन पायते आता? मी व्हाट्सॲपवर टाकतो. जिल्हाभर जाईन."

त्यानं टाकलं. कारंजा, मंगरूळपीर, वाशिम, पार नागपूरपर्यंत समाजाचे जेवढे ग्रुप त्याच्या फोनमध्ये होते, तेवढ्यांवर फोटो गेला. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ओळख कोणी पाठवली नाही.

पंचफुलाबाईचा भरवसा टीव्हीवरच होता, आणि त्याला कारण होतं. सातच्या बातम्या झाल्या की हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवत. भिवाजी जिवंत होता तेव्हा त्या वेळी आवाज वाढवायचा आणि तिला हाक मारायचा. "पाहून ठेव. रस्त्यावर लय मानसं दिसते आपल्याले. एखांदा त्यातला निंघाला तर?" गल्लीत सगळ्यांनी डिशच्या छत्र्या बसवल्या, हिच्याकडं मात्र एकच चॅनल आणि बांबूवरचा अँटेना राहिला. तेवढं तिला पुरत होतं. म्हातारा घरी आल्यापासून तिनं एक दिवस चुकवला नव्हता. चित्र धूसर असायचं, कधी दोन-दोन दिसायचं, पण नाक-डोळे कळायचे. आणि आता ऐन वेळी मुंग्या.

कारंजाला सेवालालचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो तीस वर्षांपासून या भागातल्या टीव्हींची पोटं उघडत आला होता. दिवाळी झाल्यावर तो आला. त्यानं वायर बदलली. चित्र आलं नाही. बांबूला दुसरा बांबू जोडून अँटेना उंच केला. आलं नाही. पुढच्या आठवड्यात बूस्टर घेऊन आला, अर्धा दिवस टिनांवर उन्हात बसला, तरी मुंग्या त्याच. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्याकडं हत्यारांची पिशवी नव्हती.

"मावशी, तुह्या टीव्हीत काही बिघाड नाई," तो बाजेवर टेकत म्हणाला. "अँटेनात बी नाई. हवेतच काही नाई. टावर बंद करून टाकला."

"कधी चालू होईन?"

"होत नाई. कायमचा बंद. साऱ्याच ठिकाणचे बंद करून राह्यले. जुनं तंत्र गेलं. आता सरकारी चॅनल पाहाचं तरी छत्री लागते."

"मंग सांगतलं काहून नाई कोनी?"

"सांगत होते म्हने. महिनाभर खाली पट्टी फिरत होती. तारीख देल्ली होती त्यात."

ती पट्टी पंचफुलाबाईनं रोज पाहिली होती. लाल पट्टी, पांढरी अक्षरं, इकडून तिकडं पळणारी. तिला वाचता येत नव्हतं. साबणाची जाहिरात असेल असं तिला वाटलं होतं.

"सेवालालभाऊ, ते हरवलेले मानसं दाखवत होते, त्यायचं काय झालं?"

"ते येतच असतीन. आपल्याले दिसत नाईत, एवढंच."

 त्याच्या दुकानात लोकांनी दुरुस्तीला दिलेले जुने टीव्ही भिंतीपर्यंत रचून पडले होते. ते घ्यायला आता कोणी येणार नाही, हे त्याला टिनांवर बसल्या-बसल्याच समजलं होतं, असं तो म्हणाला. बूस्टर त्यानं काढून नेला नाही.

धम्मपालनं घरची जुनी छत्री काढून ठेवली होती, ती द्यायचं कबूल केलं. पण एसटीचा संप सुरू झाला होता. डेपोत गाड्या उभ्या, रस्त्यावर फक्त काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आणि मालाचे टेम्पो. सेवालालची मोटारसायकल बिघडली. छत्रीचा सेट-टॉप डबा मिळाला तर त्याचा रिमोट मिळेना. डिसेंबरचा निम्मा महिना गेला तेव्हा कुठं छत्री गोठ्याच्या छतावर बसली, कारण घरावर बसवावी तर शेजारचा कडुनिंब आड येत होता. शंभरावर चॅनल आले. त्यातून पंचफुलाबाईचं चॅनल शोधून सेवालालनं तिला आकडे पाठ करून घेतले, रिमोटच्या त्या बटणांवर नखपॉलिशचे ठिपके लावून दिले.

पहिल्या दिवशी चित्र इतकं स्वच्छ दिसलं की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानातल्याचे खडे तिला मोजता आले. तिसऱ्या दिवशी वानरांनी गोठ्यावरून उड्या मारल्या आणि छत्री हलली. तेव्हापासून चित्राचं तुकडे-तुकडे होणं सुरू झालं. बाईचं तोंड अर्धं इकडं, अर्धं तिकडं, मध्ये हिरव्या-जांभळ्या चौकटी. आवाज तुटायचा. मग पडदा निळा व्हायचा आणि त्यावर अक्षरं यायची. सिग्नल नाही, असं लिहिलंय, धम्मपालनं वाचून सांगितलं.

"आधी मुंग्या असल्या तरी मानूस दिसे," ती सेवालालला फोनवर म्हणाली. "हे असं काहून?"

"याचं असंच हाय मावशी. दिसलं तर पुरं दिसते, नाई तर काहीच नाई. जुन्यासारखं अर्धंमुर्धं दिसत नाई. रविवारी येतो, घट्ट करून देतो."

रविवार यायच्या आधी गुरुवार आला.

सातच्या बातम्या झाल्या. पंचफुलाबाई टीव्हीसमोर बसलेली, भाऊ तिच्या बाजूला सोयाबीन निवडत होता. हे काम तो डाव्या हातानं फार नीट करायचा. पडद्यावर एका मुलीचा फोटो आला, मग एका तरुण पोराचा. मग चौकटी हलल्या आणि त्यातून एक टोपी दिसली. टोपीखाली एक कान. पुढं नाकाचा निम्मा भाग, तोही सरकून खाली गेलेला. आवाज येत-जात होता.

"...वय एकाहत्तर वर्षं... सावळा... नागपूर बसस्थानकावरून... बोलता येत नाही... राहणार किन..."

पुढं निळा पडदा.

पंचफुलाबाई उठून उभी राहिली. ती काही करणार तोच भाऊ उठला. मांडीवरचं सूप कलंडलं, सोयाबीन घरभर झालं. तो टीव्हीजवळ गेला आणि निळ्या पडद्यावर त्यानं डावा तळहात ठेवला.

"तुमीच हा का भाऊ? तुमचाच फोटो होता?"

"हो हो," तो म्हणाला. पण या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ती तशीच धम्मपालकडं पळाली. धम्मपाल गोठ्यावर चढला, छत्री धरून बसला. चित्र परत आलं तेव्हा कोणीतरी भाताच्या रोगाविषयी सांगत होतं. दुसऱ्या दिवशी सेवालालला बोलावून छत्री तारांनी बांधून घेतली. त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढचे पंधरा दिवस चित्र आरशासारखं होतं. तो फोटो परत आला नाही.

धम्मपालनं आता मनावर घेतलं. नागपूर हा शब्द पक्का ऐकू आला होता, म्हणजे माणूस नागपूरकडचा. गावाचं नाव किन वरून. त्यानं फोनवर यादी काढली. किन्ही, किनखेड, किनगाव, किनाळा, विदर्भात अशी गावं कितीतरी. नागपूरला त्याचा साडू संघदीप होता. तो दोन पोलीस ठाण्यांत जाऊन आला. हरवलेल्यांची यादी मोठी आहे, नाव सांगा, म्हणजे बघता येईल, असं त्याला सांगितलं गेलं. नाव तेवढं नव्हतं. टीव्हीच्या केंद्रात फोन केला तर सूचना पोलिसांकडून येतात, त्यांना विचारा, म्हणाले.

रोज संध्याकाळी धम्मपाल म्हाताऱ्यासमोर बसून गावं वाचायचा. "किनखेड?" "हो हो." "किनगाव?" "हो हो." "किन्ही?" "हो हो." यादीत किन्हीराजाही होतं. पण ते आपल्याच जिल्ह्यात, कारंजाच्या पुढं त्याच रस्त्यावर. तिथला माणूस असता तर इथल्या ठाण्यात नोंद असती, असा त्यानं हिशेब केला आणि ते नाव सोडून दिलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पंचफुलाबाईनं ठरवलं, की अमरावतीच्या पलीकडं एक किन्ही आहे, तिथं याला घेऊनच जायचं. तिथल्या लोकांनी पाहिलं की कळेल. धम्मपाल म्हणाला, संप मिटू दे. ती म्हणाली, "त्यायच्या घरी काय चालू असन, सांग बरं. एकेक दिवस कसा जात असन." धम्मपालला सुट्टी मिळेना, म्हणून ती दोघंच निघाली. जाताना तीन काळ्या-पिवळ्या बदलाव्या लागल्या. किन्हीच्या पारावर लोक जमले, त्यांनी म्हाताऱ्याला सगळीकडून पाहिलं. आमचा नाही, म्हणाले. एका बाईनं दोघांना जेवू घातलं.

परतताना आभाळ भरून आलं. काळी-पिवळी मिळाली नाही. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या नेणारा एक टेम्पो थांबला, त्याच्या मागं दोघं बसली. बडनेऱ्याच्या अलीकडं पाऊस सुरू झाला, हिवाळ्यातला, गारांसारखा बोचरा. पंचफुलाबाईनं तिची शाल त्याच्यावर टाकली, वर पेट्यांचा पुठ्ठा धरला. धनजला उतरली तेव्हा त्याचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी छातीत घरघर. कारंजाच्या सरकारी दवाखान्यात त्याला भरती केलं, सलाईन लावलं, नळी लावली. डॉक्टरांनी नाव विचारलं तर धम्मपालनं सांगितलं, माहीत नाही. चौथ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, पंचफुलाबाई त्याच्या ओठांना कापसानं पाणी लावत असताना, तो गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. दोन दिवस वाट पाहून देह धनजच्या लोकांच्या ताब्यात दिला. आता याचं कसं करायचं हा प्रश्न पडला. माळ होती, म्हणजे त्यांच्यात वेगळं काही म्हणत असतील. कोणाला विचारावं तर माणसाची जात कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या जातीच्या माणसाच्या अंत्ययात्रेला वरच्या गल्लीतून कोणी आलं नाही. तिकडून फक्त लिलाबाई आली. तिनं तुळशीचं पान आणलं होतं, ते त्याच्या तोंडात ठेवलं आणि ती लगेच निघून गेली. माळ गळ्यातच राहू दिली. मग धम्मपाल म्हणाला, आपल्याला आपलंच येतं. त्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं आणि अग्नी दिला. राख नदीत सोडली. दवाखान्याच्या कागदावर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' असं होतं.

संप एप्रिलमध्ये मिटला. गाड्या सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच फाट्यावरच्या निवाऱ्याला एक माणूस कागद चिकटवताना दिसला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, स्वतःची जीप घेऊन आलेला. कागदावर फोटो होता. पानटपरीवाल्यानं फोटो पाहिला आणि पोराला धम्मपालला बोलवायला पाठवलं.

त्या माणसाचं नाव विकास. गाव किन्हीराजा. घरची बागायत, विहीर, संत्र्याचा बगीचा. वडील जगदेव, आधी अर्धांग झालं, मग बोलणं गेलं, मग आठवणही जाऊ लागली. सप्टेंबरमध्ये त्यांना नागपूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं होतं. बसस्थानकावर विकास पाण्याची बाटली घ्यायला गेला, तेवढ्यात ते नाहीसे झाले. नोंद नागपूरला केली, शोधलंही सगळं नागपूरलाच. ते गावाकडं येणाऱ्या एसटीत चढले असतील, असं कोणाच्या मनातही आलं नाही. संप मिटल्यावर त्या गाडीचा कंडक्टर कामावर आला, शेवटचा उपाय म्हणून त्याला फोटो दाखवला तेव्हा त्याला आठवलं. धनजच्या फाट्यावर गाडी चहाला थांबली, म्हातारा खाली उतरला, त्याचं गाव आलं असेल म्हणून कंडक्टरनं घंटी मारली.

"घरीच येऊन राह्यले होते ते," विकास म्हणाला. "दोन तासाचा रस्ता राह्यला होता."

धम्मपालनं त्याला खाली बसवलं आणि मग सांगितलं.

विकासनं उरलेल्या कागदांची घडी घातली. मग म्हणाला, "आमी टीव्हीवर देल्लं होतं. डिसेंबरात, तीन दिवस. व्हाट्सॲपवर बी टाकलं होतं. जिल्ह्यात असा एक ग्रुप नाई जिथं टाकलं नाई."

"मी बी टाकलं होतं," धम्मपाल म्हणाला. "जिल्हाभर."

दोघांनी फोन काढले. धम्मपालनं त्याचे ग्रुप दाखवले, विकासनं त्याचे. धनजचेच दोन ग्रुप निघाले, एक या गल्लीचा, एक वरच्या गल्लीचा. विकासचा फोटो वरच्या गल्लीत सप्टेंबरातच येऊन गेला होता. शंभर पावलांवर. त्यावर सात जणांनी 'दुःखद' म्हणून लिहिलं होतं. त्यानंतर तिथं लग्नपत्रिका, सोयाबीनचे भाव, सुप्रभात, असं बरंच काही साचलं होतं. दोघांनी फोन खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विकास आपल्या आईला, रंगूबाईला, घेऊन आला. जीपच्या दाराला धरून ती खाली उतरली. पंचफुलाबाईच्या दारात आल्यावर तिनं आतल्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोकडं पाहिलं, मग पोराकडं पाहिलं, आणि आत येऊन जमिनीवर बसली.

"जेवत होते का?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"जेवत. भाकर दुधात कुस्करून लागे. वरण आवडे. तुरीचं."

"हो, तुरीचंच," रंगूबाई म्हणाली आणि रडायला लागली.

पंचफुलाबाईनं तिला सगळं सांगितलं. सोयाबीन कसं निवडायचे, वानरं आली की काठी घेऊन कसे उठायचे. माळ पाहून घरात अंडं केलं नाही, हेही सांगितलं. आणि मग तिनं न विचारलेलंही सांगितलं. "मीच नेलं त्यायले बाई थंडीत. किन्ही म्हून दुसऱ्याच गावाले. पावसात सापडलो. नेलं नसतं तर असते बी."

"मंग नेलं काहून?" दारात उभा असलेला विकास म्हणाला.

 रंगूबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं.

पंचफुलाबाईनं पाणी विचारलं नव्हतं. नको म्हटलेलं ऐकायचं नव्हतं तिला. रंगूबाईनंच तांब्याकडं हात केला आणि पोटभर पाणी प्याली. चहाही घेतला. विकासनं बाहेर जाऊन धम्मपालला बाजूला घेतलं. तो हळू बोलत होता, पण छपरीतलं घरात ऐकू येतं.

"गावात आमी सांगू, आश्रमात होते म्हून. अमरावतीच्या. तुमी बी कोनी आलं-गेलं विचाराले तर तेच सांगजा."

"काहून?"

"समजून घ्या ना भाऊ. आपल्याले काही वाटत नाई. पन गाव हाय, भाऊबंद हायेत."

धम्मपालचा आवाज चढला. पंचफुलाबाईनं आतून त्याला हाक मारली. "ये धम्मपाल इकडं."

निघताना रंगूबाईनं पंचफुलाबाईचे दोन्ही हात धरले. "तुमी सख्ख्या मानसावानी केलं त्यायचं. मी मरेपर्यंत इसरनार नाई." मग नजर खाली घालून म्हणाली, "पन इकास म्हन्ते तसंच राहू द्या बाई. नातीचं लग्न जमून राह्यलं."

"राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाली.

तिला वाटलं, संपलं. पण मे महिन्यात विकासचा धम्मपालला फोन आला. शेती अजून जगदेवच्या नावावर होती. ती विकासच्या नावावर चढायची तर मृत्यूच्या दाखल्यावर नाव हवं, आणि अनोळखी पुरुष म्हणजे जगदेवच, हे सांगायला ज्यांच्याकडं तो राहिला त्यांचं प्रतिज्ञापत्र हवं. पंचफुलाबाई धम्मपालला घेऊन कारंजाच्या तहसील कचेरीत गेली. विकास कागद टाईप करून तयारच आला होता. रंगूबाई बाहेर जीपमध्ये, लिंबाच्या सावलीत बसली होती.

"अंगठा कुठं देऊ?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"आधी वाचून दाखोतो," धम्मपाल म्हणाला आणि वाचू लागला. सदर इसम अमरावती येथील आश्रमात वास्तव्यास असताना, प्रतिज्ञा करणारी तेथे सेविका म्हणून कामास होती, असं त्यात होतं.

पंचफुलाबाईनं शाई लागलेला अंगठा मागं घेतला. "हे खोटं हाय."

"काकू, कागदच तर हाय," विकास म्हणाला. "कोन वाचते? त्यानं काय फरक पडते?"

"फरक नाई पडत तर खरं लिहा."

"तुमी त्या दिवशी हो म्हनलं होतं आईले."

"गावात तुमाले काय सांगाचं ते सांगा. मी कोनाले सांगाले येत नाई. पन शपथेवर खोटं नाई देत. माह्या घरी होते ते. चार महिने."

कारकुनानं घड्याळाकडं पाहिलं आणि नवा कागद ओढला. बाईनं सांगितलं तसं तो हातानं लिहीत गेला. सप्टेंबर महिन्यापासून माझ्या राहत्या घरी, मौजे धनज. टीव्हीवर अर्धा फोटो पाहिला, तेही त्यानं लिहून घेतलं. विकास खिडकीबाहेर पाहत होता. एका ठिकाणी कारकून थांबला.

"मयताशी नातं?"

"नाई लिहिलं तर चालत नाई का?"

"रकाना आहे बाई, रिकामा सोडता येत नाही."

तिनं जरा विचार केला. "मंग लिहा, कोनी नाई."

त्यानं तसं लिहिलं. पंचफुलाबाईनं अंगठा दाबला. विकासनं कागद घेतला, तो झेरॉक्सच्या दुकानाकडं गेला.

ती बाहेर आली तेव्हा रंगूबाईनं जीपची काच खाली केली. "झालं का?"

"झालं."

"काय लिहिलं मंग?"

"जे झालं ते."

रंगूबाई तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं मान हलवली, हो म्हणून की कसं ते कळलं नाही, आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. विकास आला, गाडीत बसला. जीप किन्हीराजाकडं, मालेगावच्या रस्त्याला लागली. धम्मपाल आणि पंचफुलाबाई स्टँडवर गेली. धनजकडं जाणारी गाडी दीड तासानं आली, लग्नाच्या लोकांनी भरलेली. दोघांना शेवटपर्यंत उभंच राहावं लागलं.